मनीचं म्हणणं आणि गाडीचा पट्टा

मांजरांची भाषा मला येते, असं मी स्वतःच जाहीर केलं होतं. मांजराचा त्याला दुजोरा नव्हता.

मी नगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवतो. (मुलांना माझं इंग्रजी कळत नाही, पण तो वेगळा विषय.) आमच्या सावेडीच्या घरी मनी नावाची करडी मांजर आपणहून राहायला आली आणि मी मोबाईलवर मांजरांबद्दल मिळेल ते वाचत सुटलो. मोठी मांजरं एकमेकांशी सहसा म्याँव म्याँव करत नाहीत, ते खास माणसांसाठी राखून ठेवलेलं असतं, हे वाचलं आणि मी हरखलोच. म्हणजे मनी जे काही बोलत होती ते थेट माझ्याशी होतं! घरात दुसरं कोणी माझ्याशी इतकं बोलत नाही हो!

मग काय, मी घरभर अर्थ सांगत फिरू लागलो. आखूड म्याँव म्हणजे नमस्कार. शेपटी ताठ म्हणजे खुशी. लांबलचक म्याँव म्हणजे मनातलं काहीतरी खोल.

"भूक लागलीय तिला," बायको, सुनंदा, म्हणायची.

"इतकं सोपं नसतं गं ते!"

मध्यंतरी मनी फार जाड झाली. मी तिचं दूध निम्म्यावर आणलं. एके दिवशी बघतो तर एकदम सडपातळ! मी कॉलर ताठ केली.

"अहो, व्यालीय ती कुठेतरी," सुनंदा म्हणाली.

"छे! मला सांगितलं असतं तिनं."

त्याच आठवड्यात तिसगावला माझ्या मेहुण्याची, बाळासाहेबांची, वास्तुशांत होती. आहेर म्हणून आम्ही नवी गादी आणि जाडजूड रजई घेतली, चादरीत गाठोडं बांधलं आणि संध्याकाळीच गाडीच्या डिकीत कोंबलं. डिकीचं कुलूप कधीच बिघडलेलं, त्यामुळे झाकण रात्रभर अर्धवट उघडंच राहिलं. सकाळी मी ते दाबलं आणि सुतळीनं करकचून बांधलं.

त्याबरोबर मनी धावत आली आणि तिनं जो सूर लावला! माझ्याकडे बघून "म्याँSSव", डिकीकडे बघून "म्याँSSव", पुन्हा माझ्याकडे.

"बाबा, तिला डिकीत काहीतरी हवंय," अकरावीतली आमची गौरी म्हणाली.

"विरह आहे तो! आपण चाललोय ना, ते सहन होत नाहीये तिला." मी वाटीत दूध ओतलं. तिनं तोंड लावलं नाही. "बघा! अन्नपाणी सोडलं बिचारीनं!"

गाडी निघाली तेव्हा मनी फाटकापर्यंत मागे धावली. मी आरशातून तिला हात केला. (हो. मांजराला.)

करंजी घाट चढताना मागून बारीक आवाज येऊ लागला. चीं... चीं... म्यॅं...

"अहो, मांजर!" सुनंदा दचकली.

"पट्टा आहे. थंडीत चढावर इंजिनचा पट्टा असाच ओरडतो."

"अहो, पण तो म्यॅं म्हणतोय."

"मांजराचा आवाज मला कळत नाही का? कोणाला सांगतेस?" आणि मी गाणी मोठ्यानं लावली.

तिसगावात मांडवासमोर गाडी उभी केली. सगळे पाहुणे स्वागताला दारात. मी ऐटीत गाडी बंद केली. गाणी थांबली. पट्टा थांबला नाही.

"बाबा," गौरी शांतपणे म्हणाली, "गाडी बंद आहे."

एव्हाना बाळासाहेबांनी सुतळी सोडून गाठोडं उचललं होतं आणि "आक्कानं काय आनलंय बगू" म्हणत चारचौघांत सतरंजीवर ठेवलं होतं. रजईची घडी हलली आणि तीन गुलाबी तोंडं बाहेर आली. मिटलेल्या डोळ्यांनी तिघंही माझ्या नावानं ठणाणा करत होती!

बाळासाहेब म्हणाले, "दाजी, आहेर जित्ता आनलाय व्हय?"

मांडव हसून लोळला. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी एका पिल्लाला तळहातावर घेतलं. "आवं जावईबापू, डोळं बी उघडलं न्हाईत ह्यांचं. आय कुठं हाय ह्यांची?"

आय नगरला, फाटकात. मला सांगून सांगून दमलेली.

"आत्ताच्या आत्ता माघारी न्या. गारठ्यात ऱ्हायची न्हाईत," सासूबाई म्हणाल्या.

"पंगत आटपून..." मी पुरणाच्या वासाकडे बघत म्हणालो.

"आत्ता!" सुनंदा म्हणाली. "आणि तुम्ही एकटेच जा. भाषा तुम्हालाच येते ना!"

बुट्टीत पिल्लं, वर सासूबाईंचं जुनं लुगडं, शेजारच्या सीटवर ते बिऱ्हाड आणि मी उपाशी. घाट उतरताना तिघांनी आकांत मांडला. शेवटी मी धीर करून मनीसारखा आवाज काढला, "म्याँSSव." पिल्लं गप्प झाली! मी खूश होऊन पुन्हा काढला. तेव्हा लक्षात आलं, शेजारून चाललेला मोटारसायकलवालाही गप्प होऊन माझ्याकडे बघतोय. पिल्लंही समाधानानं नव्हे, भीतीनं गप्प झाली होती.

सावेडीत पोचलो तर मनी फाटकातच. ओरडून ओरडून आवाज पार बसलेला. मी बुट्टी खाली ठेवली. तिनं तोंड मिटूनच घशातून एक मऊ, घरंगळता "म्रूंS" काढला. तिन्ही पिल्लं त्या आवाजाकडे सरकली, पोटाशी लागली आणि शांत झाली. हा शब्द मी कुठंच वाचला नव्हता. तो माझ्यासाठी नव्हताच. मी तिथंच फरशीवर बसलो आणि खरं सांगतो, डोळे पुसले.

तेवढ्यात सुनंदाचा फोन. "पोचलात? पिल्लं?"

"तिन्ही ठीक आहेत."

"बरं झालं बाई. आणि मनी काय म्हणाली?"

मी प्रेमानं मनीच्या डोक्यावरून हात फिरवायला गेलो. तिनं कान मागे पाडले, "फिस्स्!" केलं आणि पंजा मारून माझं मनगट उभं ओरबाडलं.

"काही नाही," मी मनगटावर रुमाल दाबत म्हणालो. मांजराचं एक वाक्य आयुष्यात पहिल्यांदा मला जसंच्या तसं समजलं होतं. ते बायकोला सांगण्यासारखं नव्हतं, एवढंच!