माझ्या एकट्याचा फॉन्ट

चहा घ्या, पण हसायचं न्हाई. माझी फजिती मी स्वतःच्या तोंडानं सांगतोय, तेवढा तरी मान ठेवा!

गेवराईला माझं आन् सलीमचं लग्नपत्रिकांचं दुकान हाय. भागीदारी बरोबरीची, कॉम्प्युटर एकच. पण त्यात दोघांची खाती वेगळी, पासवर्ड वेगळे. कावून? तर सलीम माझ्या फायली इकडच्या तिकडं करतो, असं माझं म्हणणं. त्याचंबी माझ्याबद्दल तेच म्हणणं हाय, ते सोडा.

आमच्या जुन्या फॉन्टात 'ज्ञ' उमटायचा न्हाई. त्याच्या जागी रिकामा चौकोन यायचा. म्हणून सलीमनं त्याच फॉन्टाची नवी आवृत्ती आणली आन् दोघांच्याबी खात्यात चालेल अशी टाकली.

दुसऱ्याच दिवशी चकलांब्याचे भीमराव मामा आले. पोरीचं लग्न. पोरीचं नाव काय? ज्ञानेश्वरी! त्या दिवशी चतुर्थी. लिंबागणेशला जाऊन पयली पत्रिका गणपतीपुढं ठेवायची, मग बाकीच्या वाटायच्या. बाहेर पाहुण्यांनी भरलेली जीप उभी.

मी ऐटीत माझ्या खात्यात बसलो, पत्रिका लावली. नवरीच्या नावात चौकोन!

"हे काय वो?" मामा म्हणले. "माजी पोरगी कुटंय?"

"सलीम! काय टाकलंस बे हे?"

"बराबर टाकलंय. माज्या खात्यात दिसतंय की."

"तुला दिसून काय उपेग? मला दिसाय पायजे!"

फॉन्ट काढला, परत टाकला. चौकोन. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. चौकोन. बीडच्या फॉन्टवाल्याला फोनवर असा झाडला की बिचारा काही चूक नसताना माफी मागाय लागला. बाहेर जीपवाला हॉर्न सोडीना. माझं डोकंच चालेना.

"मामा, पोरीला घरात काय म्हणता?"

"माऊ."

"मग 'चि. सौ. कां. माऊ' टाकू का?"

मामा असे उठले की मला वाटलं, आता माझ्याच तेराव्याची पत्रिका लावावी लागती!

"आजीनं नाव ठिवलंय तिचं! गणपतीपुढं काय माऊ ठिवू?"

"सरक," सलीम मला म्हणला. त्यानं माझ्याच खात्यातलं फॉन्टांचं फोल्डर उघडलं. आत तोच जुना फॉन्ट! तवा कुठं मला आठवलं. मागं कधीतरी सलीमशी भांडण झालतं, त्या रागात तो फॉन्ट मी माझ्यापुरता वेगळा टाकून ठेवलता. लई लाज वाटली राव.

"सॉफ्टवेअर आदी तुज्या खात्यात बघतंय," सलीम म्हणला. "तितं गावला की सगळ्यांसाठी काय ठिवलंय ते बघाय जातच न्हाई. मंग तू बाहेर शंभर डाव टाक!"

त्यानं जुना काढला. ज्ञानेश्वरी झळकली! मामांचा जीव भांड्यात पडला आन् माझी मान खाली गेली.

"म्हंजी," मामा म्हणले, "गावात पंगत बसलीया, आन् हे एकटेच घरात दार लावून शिळं खात बसलेत. वर वाढप्यालाच शिव्या!"

सलीम पोट धरून हसला. छापलेली पत्रिका घेऊन मामा दारापर्यंत गेले, तितं थांबले.

"सलीमभाई, धाकट्या पोरीचीबी पत्रिका तुमीच लावा."

"आन् मी, मामा?" मी हळूच विचारलं.

"तुमी लग्नाला या की! फकस्त येताना घरनं डबा आणू नका."