बाहेरची कडी

बाबांचा फोन आला तेव्हा मी नागपुरात ऑफिसला निघाले होते. "शोभा, आत्या उठून नाई राहिली..." एवढंच बोलले. एसटीनं भंडाऱ्याला पोचले, तर अंगण माणसांनी भरलेलं. सगळ्यांच्या आधी उठून मागावर बसणारी, धोट्याच्या खटखटीनं अख्ख्या आळीची झोप मोडणारी आमची गिरजाआत्या त्या दिवशी तेवढी निवांत निजली होती. महिना होत आला, अजून खरं वाटत नाही.

तुमच्यापैकी काहींनी तिला पडद्यावर पाहिलं असेल. मनाविरुद्ध मनोरुग्णालयात ठेवलेली माणसं आणि कायदा यावर एका मुलीनं माहितीपट केला, त्यातली नऊवारीतली भांडकुदळ बाई म्हणजे माझी आत्या. यजमान वारल्यावर ती माहेरी आली आणि तिचं डोकं फिरलं. झोपायची नाही, कुठंही निघून जायची. एकदा तर वैनगंगेत कंबरभर पाण्यात उभी सापडली. बाबा तिच्याहून धाकटे, पार घाबरले. आधी तिच्या खोलीला बाहेरून कडी लावली, मग सही करून इस्पितळात ठेवलं. औषधांनी ती बरी झाली हो! पण घरी आणायचा बाबांचा धीर होईना, आणि घरचे नेत नाहीत तोवर ती तिथंच. अशी वर्षं गेली.

शूटिंगला आलेल्या त्या मुलीनं तिला सांगितलं, नव्या कायद्यानं घरी सोडा म्हणून तुम्ही स्वतः मानसिक आरोग्य मंडळाकडं अर्ज करू शकता. आत्यानं लगेच केला. माहितीपटातली ती सुनावणी मी कितीदा पाहिली असेल! मंडळातले साहेब बाबांनाच विचारत राहतात, नेणार का, सांभाळणार का. आत्या मध्येच उठते, "मी इथं बसली हाय ना? मले विचारा ना!" साहेब वरमतात. "बरं, आज वार कोणता?"

"बुधवार. आता तुमी सांगा, मी घरी कोन्त्या वारी जाऊ?"

सगळे हसतात... बाबा तेवढे मान खाली घालून बसलेले.

घरी आली आणि खोलीच्या दाराशीच थांबली. "रामा, पयले हे कडी काढ." बाबांनी स्वतः पेचकस घेऊन काढली. मग काय तिचा थाट! मनात आलं की सानगडीच्या मैत्रिणीकडं, नाहीतर अड्याळच्या बाजाराला. बाबा विचारायचे, "कुठं चालली, बाई?" तर म्हणायची, "सांगून जाऊन राहिली, हेच लय झालं." गोळ्या मात्र कधी चुकवल्या नाहीत. कुणाच्या घरी कुणाला कोंडून ठेवल्याचं कळलं, की त्यांच्या दारात जाऊन एकच विचारायची, "त्याले इचारलं का?" लोक शिव्या द्यायचे, ती हलायची नाही. एवढी हिंमत मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही. फार अभिमान वाटतो मला तिचा, आणि हे लिहिताना रडूही येतं.

तेरवीनंतर तिच्या खोलीत मांजर शिरलं आणि मागावरच्या अर्ध्या लुगड्याचे धागे ओढून ठेवले. आई वैतागली, "अवो, दाराले बाहेरून एक कडी लावून द्या ना."

बाबा दारापाशी गेले. जुन्या कडीच्या भोकांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तिले इचारल्याबिगर कशी लावू?"