आईने घातलेलं पोवळं

ओहोटी सकाळची होती, म्हणून मरीना साउथ पिअरवरून आमची बोट उजाडताच सुटली. मी, बायको, आठ वर्षांची मुलगी आणि दोन महिन्यांसाठी गावाहून आमच्याकडे परदेशात आलेली आई. प्रवाळाच्या बेटावर अनवाणी चालू देत नाहीत, म्हणून आईने आयुष्यात पहिल्यांदा कॅनव्हासचे बूट घातले होते.

बेटाच्या कडेला पाणी घोट्यापर्यंत उतरलं होतं. आम्हाला फिरवणाऱ्या बाई एका तपकिरी, वळ्यावळ्यांच्या गोळ्यापाशी थांबून इंग्रजीत सांगत होत्या, मुलगी आजीला मराठीत. आई त्यावर हात टेकायला वाकली.

"कॅनॉट टच ला, आजी!" मुलगी इथल्या शाळेतल्या इंग्रजीत ओरडली. "हात नाही लावायचा. जिवंत आहे तो."

"दगड कुठं जित्ता असतो व्हय गं? लईच भारी शाळा तुझी."

"दगड नाहीये. छोटे छोटे प्राणी आहेत. त्यांना तोंड पण असतं."

आई हसत माझ्याकडे वळली. "खरं का रं?"

शिकलेलं सांगायची मला हौस आहे. ते जीव कसे वाढतात, मेल्यावर त्यांच्या सांगाड्यांचे थर कसे साठतात, सगळं सांगितलं. "आपलं पोवळंही असंच. समुद्रातल्या जिवांचाच सांगाडा."

आईची नजर माझ्या अंगठीवर गेली. मी काय बोलून बसलो, ते तेव्हा कळलं.

बारावीला मी गणितात नापास झालो, तेव्हा आईने पत्रिका दाखवून आणली होती. मंगळ आडवा येतोय म्हणून चांदीत पोवळं बसवून तिने माझ्या बोटात घातलं. पुढे मी पास झालो, इंजिनिअर झालो. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. मंगळावर माझा विश्वास नव्हता, तरी अंगठी काढली नाही. आणि आईच्या गळ्यात तुळशीची माळ. तिच्या घरात कधी अंडं आलं नाही. धान्यातला किडासुद्धा ती दाराबाहेर नेऊन सोडते.

झाडाखाली डबे उघडले, पण आईने घास घेतला नाही.

"आई, माहीत नव्हतं ना तेव्हा," बायको म्हणाली.

"तवा न्हवतं. आता झालं की."

मी अंगठी ओढू लागलो. बोट जाड झालेलं, निघेना. शेवटी आईनेच लोणच्यातलं तेल बोटाला चोळलं आणि पिळत पिळत ती उतरवली.

"पास तू झालास," ती म्हणाली. "अभ्यास तू केलास. ह्या मुक्या जिवानं काय केलं?"

अठराव्या वर्षी मला तिच्याकडून हेच ऐकायचं होतं. आता मात्र बरं वाटलं नाही. मी म्हणालो, "तू हे घातलं नसतंस, तर मी परत परीक्षेला बसलोच नसतो, आई."

तिने अंगठीचं तेल पदराने पुसलं.

"मग म्या बसवलं तुला. मंगळानं न्हाई."

अंगठी तिने रुमालात बांधून कमरेला खोचली. गावी नेऊन तिचं काय केलं, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.