जहाजबाईंची बिनखिडकीची केबिन

मागच्या वर्षी आमच्या इमारतीत बातमी उठली की जहाजबाईंना जहाजावर कप्तानाच्या शेजारची खोली फुकटात मिळाली. खोलीला बाल्कनी, बाल्कनीत दोन आरामखुर्च्या, न्हाणीघरात टब. बातमी तिसऱ्या मजल्यावरून निघाली तेव्हा टब साधा होता, तळमजल्यावर पोचेपर्यंत त्यात गरम पाण्याचे फवारे सुटले होते. बातमी साफ खोटी होती. खोली मिळाली ती दुसऱ्या डेकवर, पाण्याच्या जरा वर, चारी बाजूंना भिंती आणि एकही खिडकी नाही, तीही पूर्ण पैसे मोजून. बातमी कोणी पसरवली हे विचारू नका. विचाराल तर सांगावं लागेल, आणि ते ओघाने येईलच.

जहाजबाई माझी समोरच्या दाराची शेजारीण. तिचं खरं नाव दारावरच्या पाटीवर आहे, पण ते फक्त पोस्टमन वाचतो. तळमजल्यावर रस्त्याच्या बाजूला तिचं ऑफिस. एक खोली, एक टेबल, दोन खुर्च्या, एक संगणक आणि दर्शनी काचेआड पुठ्ठ्याचं पांढरं जहाज. उन्हाने जहाजाची एक बाजू पिवळी पडली की ती ते फिरवून ठेवते, म्हणून आमच्याकडे जहाज काही वर्षं बसस्टॉपकडे निघालेलं असतं आणि काही वर्षं पोस्टाकडे. बावीस वर्षं तिने लोकांना समुद्रावर धाडलं. स्वतः गेली नाही. "मी गेले तर फोन कोण उचलेल?" एवढंच म्हणायची.

दुपारी मी तिच्या ऑफिसात बसायची. तिचा पंखा आमच्यापेक्षा बरा, हे कारण मी घरी सांगायची. खरं कारण गिऱ्हाइकं. घरबसल्या एवढी करमणूक कुठे मिळणार? जवळजवळ प्रत्येक गिऱ्हाईक सगळ्यात स्वस्त, आतली, बिनखिडकीची केबिन घ्यायचं आणि उठता उठता आवाज खाली आणून विचारायचं, "बाई, अपग्रेड होईल का हो?" म्हणजे पैसे आतल्या खोलीचे आणि झोपायला समुद्राची खोली. तसं होतंही कधी कधी. वरच्या खोल्या ऐनवेळी रिकाम्या राहिल्या की कंपनी खालच्या लोकांना वर उचलते आणि खालच्या खोल्या पुन्हा विकते. कोणाला उचलते, का उचलते, हे कोणालाच ठाऊक नसतं. एजंटला तर मुळीच नाही.

"होईलही, नाहीही," ती म्हणायची.

"म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे नक्की काही नाही."

"आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आहे हो."

"जहाजावर दर तिसऱ्या जोडप्याचा असतो. आशा धरू नका. मिळाली ती खोली आपली, असं समजून जा."

एका गिऱ्हाइकाने तिला विचारलं होतं, "मग तुम्ही बसलाय कशाला?" तेव्हा मीच हसून चहा सांडला होता.

तिची एक सवय मात्र इथेच सांगून ठेवायला हवी. बुकिंग करताना पडद्यावर एक चौकोन येतो, 'अपग्रेड नको'. त्यात ती खूण करायचीच. फार पूर्वी गुडघे गेलेल्या एका आजींना तिने लिफ्टजवळची खोली मुद्दाम निवडून दिली होती. कंपनीने मेहेरबानी म्हणून आजींना पार जहाजाच्या टोकाला बाल्कनीत नेऊन टाकलं. आजी आठ दिवस जेवणघरापर्यंत पोचू शकल्या नाहीत, आणि परत आल्यावर वर्षभर हिच्या काचेसमोर उभ्या राहून हिचा उद्धार करत होत्या. तेव्हापासून हिने कानाला खडा लावला. आधी खूण करायची आणि मग गिऱ्हाइकाला विचारायचं, "वर उचललं तर चालेल का?" हो म्हणालं तर त्याच्याकडून तसं लिहून घ्यायचं आणि खूण काढायची. हात की-बोर्डवर गेला की खूण आपोआप व्हायची. श्वास घ्यावा तशी.

श्वासावरून आठवण झाली ती भावजींची. तिचे यजमान. हॉस्पिटलच्या तळघरात एकतीस वर्षं एक्स-रे काढायचे. आधी अंधाऱ्या खोलीत फिल्म धुवायचे, पुढे यंत्रं बदलली तरी खोली तीच राहिली, बिनखिडकीची. माणूस भारी मिश्किल. मला म्हणायचे, "वहिनी, तुमच्या पोटात काही राहत नाही, हे मी फोटो न काढताच सांगतो." मीही सोडत नसे. "तुमच्या डोक्यात काय आहे ते फोटोत तरी दिसतं का?" "काढला होता. खोली रिकामी आहे. द्यायची का भाड्याने?"

रिटायर झाल्यावर दोन वर्षांत त्यांना धाप लागायला लागली. फुप्फुसं आतून आखडत चालली होती. डॉक्टर शब्द शोधत बसले तेव्हा भावजींनीच फिल्म उजेडाकडे धरली, खालून वर बोट फिरवलं आणि म्हणाले, "इथपर्यंत आलंय. वर्षभरात इथे येईल. बरोबर ना, साहेब?" डॉक्टरांनी चष्मा पुसला. बायकोला मात्र भावजी घरी येऊन म्हणाले, "फोटो बरा आलाय." ती काय समजायचं ते समजली.

मग एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "तुझं ते जहाज एकदा बघू या." बावीस वर्षं ज्याला ते 'तरंगतं लॉज' म्हणत आले, ते जहाज! हिच्या हातातला घास हातातच राहिला. अट एकच. एवढी वर्षं तळघरात काढली, आता पडल्या पडल्या पाणी दिसलं पाहिजे. डेकवर वारा, आणि वारा त्यांना वर्ज्य. दहा पावलं चालले की बसावं लागे. म्हणजे समुद्र बघायचा तर तो पलंगावरूनच. खिडकी नसेल तर जहाज आणि तळघर सारखंच.

डॉक्टरांनी परवानगी दिली ती दोन महिन्यांची. पुढे प्रवास नाही, कुठलाच नाही. त्या दोन महिन्यांत आपल्या बंदरातून एकच जहाज सुटणार होतं, आणि त्यावरच्या खिडक्या, बाल्कन्या सगळ्या विकून झाल्या होत्या. काही तर हिनेच विकल्या होत्या. उरल्या होत्या आतल्या खोल्या. हिने दुसऱ्या डेकवरची, लिफ्टजवळची एक घेतली. भावजी फार चालू शकत नाहीत म्हणून लिफ्टजवळची.

आणि बावीस वर्षं लोकांना आशा धरू नका म्हणणारी बाई आशा धरून बसली.

मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी ऑफिस उघडलं की केरसुणी हातात घ्यायच्या आधी संगणक सुरू. बुकिंग उघडायचं, खोलीचा नंबर बघायचा, बंद करायचं. दुपारी पुन्हा. मी बोलत असले तरी तिचा एक डोळा पडद्यावर. मी चिडवायची, "काय गं, 'नक्की काही नाही' म्हणणारी तूच ना?" तर म्हणायची, "गप गं. सुटायच्या आधी शेवटच्या पंधरवड्यात लोक रद्द करतात. दर वेळी करतात. पाच-सहा खोल्या तरी मोकळ्या होतात." भावजी विचारायचे, "मिळाली का खिडकी?" ती म्हणायची, "मिळेल." मला वाटतं, या धंद्यात तिने पहिल्यांदाच कोणाला 'मिळेल' म्हटलं असेल.

जहाज सुटायला चार दिवस होते. मी जिना उतरत होते, तर शाळेचे हेडमास्तर फुलांचा गुच्छ घेऊन तिच्या ऑफिसात शिरले. दार अर्धवट उघडं. आतून त्यांचा वर्गात घुमावा तसा आवाज, "बाल्कनी! बाई, सातव्या डेकवर बाल्कनी!" मी पुढचं ऐकायला थांबले नाही. थांबले असते तर बरं झालं असतं. पण मला वाटलं, मिळाली हिला. इतका आनंद झाला की पायऱ्या चढता चढताच तीन घरांत सांगितलं, आणि चौथ्या घरात कप्तानाची खोली जोडून दिली. माझा स्वभाव आहे तो. आमचे हे तर तडक समोर गेले आणि भावजींचा हात हातात घेऊन म्हणाले, "अभिनंदन! बाल्कनी मिळाली म्हणे!"

भावजी उठून बसले. दूधवाल्याने अभिनंदन केलं, वरच्या मजल्यावरच्या मावशी दुर्बीण देऊन गेल्या. बायको वर येईपर्यंत त्यांनी दुर्बिणीच्या काचा पुसून ती उशाशी ठेवली होती.

खाली झालं होतं ते असं. हेडमास्तरही त्याच जहाजावर, तशाच आतल्या खोलीत होते. हिनेच बुकिंग केलं होतं, आणि त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं की वर उचलल्यास हरकत नाही. त्यांना उचललं. गुच्छ टेबलावर ठेवून ते गेल्यावर हिने कंपनीला फोन लावला. मी तोवर साखर वाटल्यासारखी बातमी वाटून, हसत हसत खाली आले होते. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, तुमच्या डेकवरून अकरा खोल्या वर गेल्या," पलीकडची मुलगी म्हणाली. "तुमची खोली यादीत तीनदा आली होती."

"मग?"

"तुमच्या बुकिंगवर 'अपग्रेड नको' आहे ना. सिस्टिम पुढच्या नावावर जाते."

"कोणी केली ती खूण?"

"तुमच्याच लॉगिनवरून आहे, मॅडम. बुकिंगच्या वेळचीच."

गिऱ्हाइकाला ती नेहमी विचारायची आणि मग खूण काढायची. या वेळी टेबलापलीकडे गिऱ्हाईक नव्हतं. स्वतःला विचारायचं राहून गेलं.

"आता काढा ती खूण," ती म्हणाली.

"काढते, मॅडम. पण आता एकही खोली शिल्लक नाही. कोणी आलं नाही तर बंदरावर बघतील. होईलही, नाहीही."

हे तिचंच वाक्य. तिने फोन ठेवला, आणि तेव्हा मी कोणाकोणाला काय सांगून आले ते मला तिला सांगावं लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती नुसती म्हणाली, "त्यांनाही सांगितलंस?" आणि कुलूप न लावताच जिना चढायला लागली.

आत ती भावजींना काय म्हणाली मला माहीत नाही. या एका वेळी मी दाराला कान लावला नाही, विश्वास ठेवा अगर ठेवू नका. संध्याकाळी ते मला म्हणाले, "वहिनी, कप्तानाशेजारची खोली परत करावी लागली. तो घोरतो म्हणे." आणि हसताना जो खोकला लागला तो बराच वेळ थांबेना.

पाप फेडावं म्हणून मी हिला न सांगता हेडमास्तरांना फोन केला. खोली बदलून घ्या म्हटलं, माणसाची अशी अशी अवस्था आहे. गृहस्थ भला. म्हणाले, "मी एका पायावर तयार आहे. पण हिला विचारतो." अर्ध्या तासाने फोन आला. सौभाग्यवतींनी बाल्कनीची बातमी माहेरी चौदा घरांत कळवली होती, आणि बाल्कनीसाठी दोन नवे पोशाख शिवायला टाकले होते. "तुम्ही समजून घ्या," ते म्हणाले. न घेऊन काय करते? त्या बाईंनी चौदा घरांत सांगितलं, मी चार घरांत. फरक फक्त दहा घरांचा.

निघायच्या दिवशी आमच्या ह्यांनी आणि दूधवाल्याने भावजींना खुर्चीत बसवून तीन मजले उतरवलं. प्रत्येक वळणावर थांबत. भावजी दोघांना म्हणाले, "जपून रे, काचसामान आहे." बंदरावरही हिने विचारलं. सगळी माणसं आली होती. एकही खोली रिकामी नव्हती.

आठ दिवसांनी परत आले. भावजींना तसंच खुर्चीतून वर चढवलं. या वेळी ते वळणावर काही बोलले नाहीत. रंग असा झाला होता की आमच्या ह्यांनी खुर्ची खाली ठेवताना माझ्याकडे बघितलंच नाही. दुसऱ्या दिवशी घरात ऑक्सिजनचं यंत्र आलं, पलंगाजवळ. त्यांच्या पलंगाजवळच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसते. ती त्यांना सरळ बघता येते, मान वळवावी लागत नाही.

जहाजावर काय झालं ते तुकड्यातुकड्यांनी कळलं. आतल्या खोलीत दिवस-रात्र कळत नाही. भावजी घड्याळ बघून 'सकाळ झाली' म्हणायचे. एकदा हिने त्यांना चाकाच्या खुर्चीतून वरच्या काचेच्या हॉलमध्ये नेलं, तर लिफ्टच्या दारातच श्वास अडकला. जहाजाच्या डॉक्टरने पुन्हा खोलीबाहेर काढायचं नाही म्हणून सांगितलं. खोलीत टीव्ही होता. त्यावर एक चॅनल असतं, जहाजाच्या पुढच्या टोकाला कॅमेरा लावलेला असतो, तो समोरचा समुद्र दाखवतो, आवाजाशिवाय. भावजींनी सहा दिवस ते चॅनल लावून ठेवलं. हेडमास्तर रोज संध्याकाळी येऊन बसायचे, बिचारे, आणि बाल्कनीतून काय दिसलं ते सांगायचे.

आता ऑफिस बंद असतं. पुठ्ठ्याचं जहाज काचेआड आहे, कोणी फिरवत नाही. ती दिवसभर वरच असते. यंत्राचा आवाज जिन्यापर्यंत येतो. मी रोज चहा घेऊन जाते. पूर्वीसारखं काही सांगायचं म्हणून तोंड उघडते आणि तशीच मिटते.

परवा भावजींचा डोळा लागला होता. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या दाराशी बसलो होतो. गप्प बसणं मला कुठलं जमायला! मी म्हणाले, "अगं, एवढं मनाला लावून घेऊ नकोस. टीव्हीवर का होईना, शेवटी पाहिला ना त्यांनी समुद्र."

तिने हातातला कप खाली ठेवला आणि म्हणाली, "टीव्ही घरातही होता. त्यासाठी त्यांना तीन मजले कशाला उतरवायला हवं होतं?"