जाळीमागची नवरी

स्टुडिओच्या शिवणखात्यात ती ब्लाउजना अस्तर लावायची. तेव्हा तिने तिशीही गाठली नव्हती. एका विनोदी सिनेमात असा प्रसंग होता, की नायक चुकून भलत्याच मुलीशी लग्नाला उभा राहतो, नवरीच्या तोंडावरची जाळी वर करतो आणि चेहरा पाहून धाडकन आडवा होतो. ठरलेली नटी ऐन वेळी आली नाही. दिग्दर्शकाने इकडेतिकडे पाहिलं आणि हिच्याकडे बोट दाखवलं. ती मुळातच सावळी. रंगभूषाकाराने तिला आणखी काळं फासलं, दोन दातही काळे रंगवले.

नुसतं उभं राहायचं, एवढंच तिला सांगितलं होतं. पण जाळी वर झाली तशी ती आधी लाजली, मग बेताबेताने हसली आणि नायक पडल्यावर श्वास चालू आहे ना, हे पाहायला तिने वाकून त्याच्या नाकाशी बोट धरलं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. सगळा सेट पोट धरधरून हसला. घरी जाताना तिचे पाय जमिनीवर ठरत नव्हते.

सिनेमा धो धो चालला. मग गल्लीतली पोरं तिला पाहून त्या नायकासारखी रस्त्यावर धाडकन आडवी होऊ लागली. एक स्थळ जुळत आलं होतं. तिकडच्या मंडळींनी सिनेमा पाहिला आणि पुढे त्यांचा निरोपच आला नाही. कामं आली ती चेटकिणीची, मार खाणाऱ्या मोलकरणीची. काही केली, मग वीट आला आणि ती शिवणयंत्रावर परत बसली ती निवृत्त होईपर्यंत.

आता धाकट्या बहिणीबरोबर दोन खोल्यांत राहते. तिथे एक प्राध्यापिका तिला शोधत आल्या. जुन्या विनोदी सिनेमांत बायकांना, काळ्यासावळ्यांना, जाड माणसांना कसं दाखवलं यावर त्यांचा कार्यक्रम होता.

"तुम्ही आलात तर फार बरं होईल, ताई."

"मी काय बोलणार?" ती म्हणाली. पण बहिणीने साडीला इस्त्री करून ठेवली, म्हणून गेली.

सभागृहात तो प्रसंग लागला. जाळी वर झाली. कोणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने मान खाली घातली. आयुष्यभर त्या जागी हशा ऐकलेल्या कानांना ती शांतता सोसवेना. आधी हसून घेतलं, आता कीव करतायत, असं तिला वाटलं. नाकाशी धरलेलं बोट कोणाला दिसलंच नाही.

मग तिला मंचावर बसवून प्राध्यापिकांनी विचारलं, "त्या अपमानाबद्दल काय वाटतं?"

ती म्हणाली, "याच सिनेमात पुढे नायक बाईचं सोंग घेतो. त्याचं पोलकं मीच शिवलं, आत कापूसही मीच भरला. तो बाई झाला, तर लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी जन्माचीच बाई, तर माणूस बेशुद्ध."

सभागृहात एकदम हशा पिकला. प्राध्यापिकांनी हात वर केला. "मंडळी, हा हसण्याचा विषय नाही."

"हसू द्या हो," ती म्हणाली. "अपमान होता, खरंच होता. माझं लग्न मोडलं त्यात. पण ते नाकाशी बोट धरणं माझं होतं. त्याबद्दल मला कधी कोणी विचारलं नाही."

प्राध्यापिका ओशाळल्या. त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. या वेळी बोट नाकाशी गेलं तसे लोक हसले, काही जण मात्र तरीही नाही हसले. तिला दोन्ही पटलं. तिची पाठ भरून आली होती. खुर्ची फार टणक होती.

घरी बहिणीने दार उघडलं. "कसं झालं?"

"लांबलं फार," ती म्हणाली आणि चपला न काढताच पलंगावर टेकली. बहिणीने वाकून तिच्या चपला काढल्या आणि पाणी तापत ठेवलं.