चार फुटी सागासाठी चार फुटी पातं

मशीनचा विषय निघालाच आहे, तर तो प्रकार दुसऱ्या कुणी मीठमसाला लावून सांगण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा मात्र आधी संपवा, नाहीतर ठसका लागेल.

बीएस्सी झालो आणि नोकरीबिकरी न शोधता मी धानोऱ्याकडच्या एका जंगल कामगार संस्थेत सचिव झालो. झाडं तोडणारे मजूरच संस्थेचे मालक! मला हे भारी आवडलं. आवडला नाही तो आरा, म्हणजे दोन मुठींची लांबलचक करवत. दोन माणसांनी समोरासमोर बसायचं आणि दिवसभर तो ओढत राहायचं. माणूस चंद्रावर जाऊन आला, आणि आमची माणसं अजून आराच ओढताहेत? मी ठरवलं, संस्थेत चेनसॉ आणायचा. पेट्रोलवर चालणारी करवत. तीही याच हंगामात!

अध्यक्ष महादूभाऊ सावध माणूस. ते म्हणाले, मशीन पाहायला आणा, कुपात म्हणजे यंदा तोडीला मिळालेल्या जंगलात एक झाड पाडून दाखवा, मग सभासद हात वर करतील. पटलं नाही तर मशीन परत आणि यंदा विषय बंद.

माझ्यासाठी एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी मी नागपूरला.

दुकानदार शांत गृहस्थ. त्यांनी सांगितलं की पात्याची लांबी झाडावरून ठरते. मग विचारलं, "झाड केवढं असते तुमच्याकडे?"

आमच्या कुपातल्या प्रत्येक सागाचं माप मला तोंडपाठ! मी म्हणालो, "चार फूट. काही पाच."

"साग?"

"सागच!"

त्यांनी फळीवरून एक लहान पातं काढून पुढे ठेवलं. "दीड फुटाचं पातं न्या. जंगलाचं काम त्याच्यात भागते."

झालं! माझं डोकं सटकलं. म्हणजे आमचं जंगल या शहरी माणसाला झुडूप वाटतं? आमच्या मजुरांनी खेळण्यांवर समाधान मानायचं? मी दुकानात उभं राहून असं काही भाषण केलं की बाहेरचा पानवालाही आत डोकावला. दुकानदारांनी हात जोडले. म्हणाले, चार फुटी पातं मुंबईहून मागवावं लागेल. मी म्हणालो, मागवा!

ते आलं. काय धूड होतं महाराजा! एसटीत ते माझ्या मांडीवर, शेजाऱ्याच्या मांडीवर आणि त्याच्या शेजारच्या बाईंच्या कोंबड्यांच्या टोपलीवर, असं तिघांत मिळून बसलं. मला अभिमान वाटत होता. कोंबड्यांना काय वाटलं ते त्यांनी वाटभर सांगितलं.

कुपात सगळे जमले होते. मी चार फूट नोंदलेला एक देखणा साग निवडला. मशीन दोघांनी उचलून त्याच्या बुंध्याला टेकवलं.

पातं झाडाच्या अलीकडून सुरू झालं, झाड संपलं, आणि पातं पुढे चाललेलंच! पलीकडच्या बांबूच्या बेटापर्यंत!

आता तुम्हीच सांगा, असं कसं झालं? सोपं आहे. जंगलात उभं झाड मोजतात ते छातीच्या उंचीवर टेप गुंडाळून. चार फूट म्हणजे घेर चार फूट. आरपार ते झाड जेमतेम सव्वा फूट! आणि बीएस्सीला माझा विषय कोणता? गणित.

सीताबाई म्हणून आमच्या एक सभासद आहेत, तोंडाच्या फटकळ. त्या म्हणाल्या, "काऊन गा बापू, झाड तोडाचं हाय का अख्खं जंगल?"

इथे शहाणा माणूस थांबला असता. मी दोरी ओढून मशीन सुरू केलं. सागाला नीट ओरखडाही उठला नव्हता, तोच पात्याचं टोक बांबूच्या बेटात घुसलं, पात्यावरची दात्यांची साखळी निघाली आणि मशीन तिथेच रुतून बसलं. मी ते उपसत होतो तेवढ्यात दोघांनी शांतपणे आरा लावून साग पाडला. मग माझं मशीन सोडवायला कुऱ्हाड आणावी लागली.

मला वाटलं, संपला विषय. पण महादूभाऊ म्हणाले, "मशीन वाईट हाय असं कोनाले दिसलं नाई. माप वाईट हाय. लहान आनून पाहू." आणि बघता बघता हात वर झाले! तेवढ्यात सीताबाईंनी अट घातली, "पन बापूले तोंडी पाठवू नोका. झाडच सोबत द्या."

पडलेल्या सागाची चार बोटं जाड चकती कापून माझ्या हातात दिली. हे घे आणि दुकानदारापुढे ठेव, बोलू नकोस, असा हुकूम.

मी आनंदात निघालो. जंगल खात्याच्या नाक्यावर बस थांबली आणि वनरक्षक चढले. माझ्या मांडीवर सागाचं लाकूड. लाकूड नेण्याचा पास? नाही. मी मजुरांच्या मुक्तीवर बोलू लागलो, तर त्यांनी मला चकतीसकट खाली उतरवलं. सगळी बस खिडक्यांतून पाहत होती.

घाबरू नका, नुसती चकतीच जमा झाली. मी तसाच नागपूरला गेलो आणि दीड फुटी पात्याचं मशीन घेऊन आलो. ते आज कुपात मस्त चालतंय, आणि सीताबाईंचा मुलगाच ते चालवतो.

पण नाक्यावरचं बोलणं सांगायचं राहिलंच. वनरक्षकांनी चकती टेबलावर ठेवून विचारलं, "माप सांगा."

आता मी चुकणार होय? छाती फुगवून म्हणालो, "आरपार सव्वा फूट!"

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आरपार इथी चालत नाई, सायेब. जंगलात गोलाई मोजतेत. ह्या भागात नवीन दिसता."