सोनमाशांना कोयनेल

सासूबाई गेल्या त्या वर्षी आम्ही मामंजींना गोंडपिपरीहून अहेरीला आणलं. माझे यजमान तिथल्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर होते. सगळ्यांसारखी मीही त्यांना डॉक्टरच म्हणायची. मामंजींचा जन्म धानाच्या बांधावर गेलेला. क्वार्टरच्या ओसरीवर त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. दिवसचे दिवस ते बोलत नसत.

डॉक्टर कामासाठी नागपूरला गेले आणि येताना लोखंडी चौकटीची काचेची टाकी व डब्यात चार सोनमासे घेऊन आले. मोटारीच्या धक्क्यांनी अर्धं पाणी सांडलं होतं, मासे मात्र जिवंत होते. मामंजींनी आधी तिकडे बघितलंही नाही. मग हळूहळू त्यांची खुर्ची टाकीसमोर सरकली. खायला तेच घालू लागले, पाणीही तेच बदलू लागले. थंडी पडली तेव्हा त्यांनी प्राणहिता नदीत मासे धरणाऱ्या एका ढिवराकडून बारीक मासोळ्या मागून आणल्या आणि सोनमाशांना सोबत म्हणून टाकीत सोडल्या.

पुढे एका सकाळी त्यांनी मला हाक मारली. "बाई, इकडे ये. हे मासे गोट्याले अंग काऊन घासून राह्यले?"

मी वाकून पाहिलं. माशांच्या परांवर आणि पाठीवर रवा भुरभुरावा तसे पांढरे ठिपके होते.

"याहिले देवी आल्या," मामंजी म्हणाले आणि टाकीवर कडुनिंबाची डहाळी ठेवली.

डॉक्टरांनी दवाखान्यातून आल्यावर भिंग लावून बघितलं. त्यांच्याकडे मासे पाळण्याचं एक पुस्तक होतं. "देवी नाही, बाबा. हा बारीक जंतू आहे. नदीच्या मासोळ्यांबरोबर आला असेल. ठिपका गळून तळाशी पडतो आणि त्यातून नवे जंतू निघतात. याला हिवतापावरचं कोयनेल चालतं."

मामंजी ताडकन उभे राहिले. "दवाखान्यातली गोळी मासोळीले? लोकं थंडीतापानं कापत रानातून चालत येते त्या गोळीसाठी!"

"तिथली नाही. घरातली."

घरातली शिशी मामंजींचीच होती. पावसाळ्यात त्यांना हिवताप आला होता. तो उलटला तर असाव्यात म्हणून विकत आणलेल्या गोळ्या होत्या त्या. मामंजींनी शिशी काढून आणली. मग म्हणाले, "माह्याच हायेत, तर देऊन टाक."

तोवर नदीच्या मासोळ्या मेल्या होत्या. टाकीतली रेती आम्ही फेकून दिली. डॉक्टरांनी गोळी कुटून पाण्यात विरघळवली आणि रोज थोडी थोडी घातली. पाणी कोमट राहावं म्हणून मामंजी दिवसा टाकीवर ऊन येईल तसा पडदा सरकवत, संध्याकाळी टाकीला घोंगडी गुंडाळत. तळाचं पाणी रबरी नळीनं ओढून काढायचं काम माझ्याकडे होतं. कोयनेलनं आतलं शेवाळ पिवळं पडलं. दोन सोनमासे दगावले. मामंजींनी ते परसात पुरले आणि परत खुर्चीवर येऊन बसले.

उरलेल्या दोघांचे ठिपके गेले, तेव्हा मी औषध थांबवू म्हटलं.

"नाई," मामंजी म्हणाले. "तण वरून कापलं म्हंजे गेलं का? खाली बी राह्यते." डॉक्टर हसले आणि औषध आणखी काही दिवस चालू ठेवलं.

त्यानंतर मामंजींनाच हुडहुडी भरली. ताप उलटला होता आणि घरातली शिशी रिकामी. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पडून राहा, मी गोळी घेऊन येतो." मामंजींनी ऐकलं नाही. घोंगडी पांघरून ते माझ्याबरोबर दवाखान्यात गेले आणि एटापल्लीकडच्या रानातून आलेल्या माणसांबरोबर बाकावर बसले. त्यांचा नंबर येईपर्यंत आतून डॉक्टर मुलानंही हाक मारली नाही. कडूजहर गोळी त्यांनी तिथंच तोंड वाकडं करून गिळली. बाकावरचा माडिया माणूस त्यांचं तोंड बघून हसला, तसे मामंजीही हसले. अहेरीत आल्यापासून मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं.

बरे झाल्यावर ते ओसरीवर कमी आणि त्या बाकावर जास्त बसू लागले. येणाऱ्यांना धानाचं विचारत, बैलांचं विचारत. उन्हाळ्याच्या शेवटी म्हणाले, "आता मी गावाले जातो. धानाचे पऱ्हे टाकाचे हायेत."

"मासे नेता का?" मी विचारलं.

"नाई. तिकडे बगळे लई."

ते गेले. पुढे आमची चांद्याला बदली होईपर्यंत टाकीचं पाणी मी बदलत होते.